वहिनींनी खोडलेली सात वर्षं

आमच्या घरात मासा हा शब्द कुणी काढला तरी आईचा हात आधी कपाळावरच्या विभूतीकडे जायचा. सेलूच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान, देवघरात लिंगपूजा, आणि सोमवारी जेवणात कांदासुद्धा वर्ज्य. अशा घरात आमच्या दादानं मासोळ्यांवर डॉक्टरेट केलेली बायको आणली. फसवणूक कुणी केली नव्हती. सोयरीक जुळवणारे अण्णा एवढंच म्हणाले होते, "मुलगी पाण्याच्या विषयात लय शिकलेली हाय." आम्हाला वाटलं, पाणीपुरवठ्यात असेल. तेव्हा गावात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं. आई म्हणाली, बरंच झालं, घरचं माणूस असलेलं.

सुनंदावहिनी जाऊन आता दोन वर्षं झाली. घरात लग्नकार्य निघालं, चार माणसं सतरंजीवर टेकली, की कुणीतरी म्हणतं, "तात्या, वहिनींची ती तुमच्या पडण्याची गोष्ट सांगा." मी सांगतो. माणसं हसतात, मलाही बरं वाटतं. दुसरी एक गोष्ट आहे ती मात्र मी सतरंजीवर सांगत नाही. तिच्यातही मीच आहे, पण पडलेला नाही. गप्प बसलेला आहे.

आधी पडण्याची सांगून टाकतो. वहिनी सेलूच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वालूरच्या बाजूला दुधनेच्या एका डोहावर जायच्या. डोहात कोणकोणत्या मासोळ्या आहेत, किती आहेत, पाणी किती गरम, तळाला वाळू की गाळ, हे सगळं लिहून ठेवायचं. हे त्यांनी वीसेक वर्षं केलं. दादाला दुकान सोडून जाता यायचं नाही. मी दुकानात असलो काय नि नसलो काय सारखंच, म्हणून मोटारसायकल चालवायचं काम माझ्याकडे आलं. पुढं वहीत लिहायचंही आलं, कारण माझं अक्षर बरं आहे. एवढी एकच गोष्ट माझ्यात बरी आहे असं आई म्हणायची. तर पहिल्याच रविवारी मी शेवाळावरून घसरलो आणि थर्मामीटरसकट पाण्यात गेलो. मला पोहता येत नाही. पाणी मांडीइतकं होतं, पण मी बुडणाऱ्या माणसासारखा ओरडलो. घरी येऊन वही उघडून बघतो तर वहिनींच्या हातची नोंद: 'आठ चाळीस. भावजी पडले. पाणी गढूळ झाले. पुढील निरीक्षण दहा मिनिटांनंतर.'

"वहिनी, हे कशाला लिवलंत?"

"घडलं ना?"

"घडलं. पण नदीच्या वहीत?"

"नदीतच घडलं, भावजी."

असा त्यांचा स्वभाव. घडलं की लिहायचं. आणि जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. दुकानात मी गिऱ्हाइकाला म्हणालो की अमक्या मापाचे डबे संपले, तर आतून वहिनींचा आवाज यायचा, "संपले की दिसले नाहीत?" मी माळ्यावर चढायचो. तिथं डबे असायचे. दिसणं आणि असणं ह्या दोन गोष्टींत त्यांनी मला इतकं घोळवलं की पुढं पुढं मला आरशात बघायचीही धास्ती वाटायला लागली.

बाजाराच्या दिवशी त्या मासेवाल्यांच्या रांगेत जायच्या. घ्यायचं काही नाही, प्रत्येक टोपलीशी वाकून बघायचं, एखादीचं तोंड उघडायचं, कल्ला वर करायचा, परांचे काटे मोजायचे. एक मासेवाली एकदा भर बाजारात म्हणाली, "मॅडम, घ्यायची न्हाई तर तिचे दात कशाला मोजायलाव? सोयरीक करायची का?" ही बातमी वहिनींच्या आधी घरी पोचली. आईचा हात विभूतीकडे गेला. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, "हात धुतले का गं?" वहिनी म्हणाल्या, "तीनदा." "चौथ्यांदा धू," आई म्हणाली, आणि तो विषय घरात कायमचा मिटला.

वहिनींचा दुसरा स्वभाव म्हणजे फिकीर. गॅस बंद केला का हे बघायला त्या रिक्षा परत फिरवायच्या. पण खरी फिकीर डोहाची. त्यातल्या एका मासोळीची. तिला आमच्याकडे मुरी म्हणतात. बोटाएवढी, अंगावर काळे पट्टे, तोंडाला बारीक मिशा, तळाच्या वाळूत नाक खुपसून बसणारी. बाजारात तिला कुणी विचारत नाही. वहिनी म्हणायच्या, तिला सुटी, स्वच्छ वाळू लागते. वाळू उपसली, वर गाळ बसला, की बाकीच्या मासोळ्या काही दिवस तग धरतात, ही धरत नाही. "नदीचं दुखणं आधी हिला होतं, भावजी." त्यामुळं मुरी सापडली की त्यांचा महिना चांगला जायचा. नाही सापडली की घरात आजारी माणूस असल्यासारखं वातावरण. उन्हाळ्यात डोह आटत आला की वालूरकडून येणाऱ्या दूधवाल्याला त्या रोज विचारायच्या, "पाणी कुठपर्यंत आहे?" ताटात भाकरी तशीच राहायची. एका मे महिन्यात मी आईला देवघरात पुटपुटताना ऐकलं, "महादेवा, हिच्या मासोळ्या राहू दे. म्हंजी ही जेवंल तरी." मी दारात उभा होतो. आई म्हणाली, "बघायलास काय? पाप त्यायला खाण्यात हाय. जगू दे म्हणण्यात न्हाई."

डोहावर माणिकमामा असायचे. जातीनं भोई, वय सत्तरीच्या पुढं, अंगानं वाळक्या शेंगेसारखे. जाळं फेकायचे तेव्हा मात्र खांद्यापासून मनगटापर्यंत एकदम तरणे व्हायचे. सुरुवातीला वहिनी त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायच्या. पदर खोचून, एकेक दगड उचलून खाली बघायच्या. मग त्यांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, ओल्या गोट्यांवर पाय टाकायचा नाही, पाण्यात तर नाहीच. तेव्हापासून आमच्या दुकानातलं स्टीलचं स्टूल काठावर, स्टुलावर वहिनी, समोर आमच्याच दुकानातली परात. मामा जाळं परातीत झटकायचे, वहिनी ओळखायच्या, मोजायच्या, परत सोडायला लावायच्या. मी लिहायचो.

आणि मुरी मिळायची. कधी दोन, कधी तीन. वर वाळूचे टिप्पर दिवसाढवळ्या चालू होते, डोहाच्या तोंडाशी काळा गाळ साचत होता, बाकीच्या मासोळ्या कमी होत होत्या, पण मुरी मिळायचीच. वहिनींना नवल वाटायचं. "कशी टिकली असेल हो ही?" त्या परातीत बघत म्हणायच्या. मामा जाळ्याच्या गाठी सोडवत असायचे. मान खाली.

आता ती दुसरी गोष्ट.

दिवाळीच्या आधी मी माल बघायला पूर्णेला गेलो होतो. परतताना पॅसेंजरला पिंगळीला माणिकमामा चढले. मांडीवर दुधाची किटली, तिच्या तोंडाला ओलं फडकं. त्यांची लेक पिंगळीच्या पलीकडं दिलेली, हे मला ठाऊक होतं. शनिवार होता. मी सरकून जागा दिली.

"मामा, लेकीकडून दूध आणायलाव का?"

मामांनी किटली जवळ ओढली. मानवत रोड आल्यावर त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, फडकं बाजूला केलं आणि हळूहळू किटलीत ओतलं. मी वाकून बघितलं. तळाला तीन मुऱ्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या.

"हे काय हो?"

"उंद्याच्या."

"उद्याच्या म्हंजी?"

"उंद्या मॅडम येनार न्हाईत का?" मामांनी फडकं परत बांधलं. "तात्या, आपल्या डोहातल्या कव्हाच गेल्या. लेकीच्या गावाला ओढ्यात अजून हायेत. तिथून आनतो, पहाटं जाळ्यात सोडतो. मॅडम मोजत्यात, परत डोहात सोडाया लावत्यात. तिथं काय जगनार त्या? पुढल्या महिन्याला परत आनतो."

"किती दिस झाले?"

"त्यांचा गुडघा गेला तव्हापासून. सात साल."

"अहो मग सांगत का न्हाई त्यायला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं. "म्या न्हाई सांगू शकलो. तुमी तर घरचे हाव. तुमी सांगा की."

मी 'सांगतो' म्हणालो. सेलू आलं, मी उतरलो, घरी गेलो, पाय धुतले, आणि सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी परातीत तीन मुऱ्या पडल्या. वहिनींचा चेहरा उजळला. "लिहा भावजी, मुरी तीन." मी लिहिलं. मामा गाठी सोडवत होते, मीही मान खाली घातली. काठावर आता माना खाली घातलेली दोन माणसं झाली. पुढच्या महिन्यात दोन. त्याच्या पुढच्या महिन्यात परत तीन. प्रत्येक वेळी मी गाडी काढताना ठरवायचो, आज सांगायचंच. वालूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पहिलं वाक्यसुद्धा जुळवलेलं असायचं. मग मागून वहिनी म्हणायच्या, "आज मिळेल ना हो?" आणि मी म्हणायचो, "मिळंल की." झोप उडाली. बायकोला वाटलं मला साखर झाली. मी तपासून घेतली. झाली असती तर निदान काहीतरी सांगायला कारण मिळालं असतं.

असे पाच महिने गेले. मग डोहाजवळच्या वाळूघाटाच्या लिलावाची सुनावणी लागली. घाट घेऊ बघणाऱ्यांनी अर्जाला एक कागद जोडला होता. वहिनींचाच, एका शोधपत्रिकेत छापून आलेला. त्यातली एक ओळ शाईनं अधोरेखित केलेली: वाळू उपसा चालू असतानाही मुरी इथं टिकून आहे. म्हणजे उपशानं नदीला अपाय होत नाही. म्हणजे घाट द्यायला हरकत नाही.

वहिनी तो कागद घेऊन दुकानात आल्या. मी कळशा उतरवून मांडत होतो.

"भावजी, माझ्याच कागदानं माझी नदी उपसायची म्हणतायत," त्या म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "पण मी रात्रभर विचार केला. त्यांचं चूक कसं म्हणू? टिकली आहे हे तर खरं. कदाचित आपलंच चुकलं असेल. तिला वाळू लागतेच असं नसेल. चिवट निघाली हो ही. मला सगळं नव्यानं लिहावं लागणार."

त्यांच्या तोंडावर हसू होतं. वीस वर्षं जिची फिकीर केली ती मासोळी आपल्या कल्पनेपेक्षा दणकट निघाली, ह्या आनंदाचं हसू. ते मला बघवलं नाही. हातातली कळशी खाली ठेवली.

"वहिनी, ती चिवट न्हाई."

मग गाडीत बसल्यापासून किटलीपर्यंत सगळं सांगितलं. वहिनी स्टुलावर बसल्या. पहिला प्रश्न आला, "कधीपासून?"

"तुमचा गुडघा गेला तव्हापासून."

"आणि तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दिवाळीच्या आधीपासून."

त्यांनी मनात मोजलं. "म्हणजे पाच नोंदी तुमच्या हातच्या."

एवढंच. पुढं कधीही, कशावरूनही, त्यांनी ह्याचा उच्चार केला नाही. ओरडल्या असत्या तर मी आज ही गोष्टसुद्धा सतरंजीवर सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहावर गेलो. रविवार नव्हता, त्यामुळं गाडी दिसताच मामांना कळलं. ते पाण्यातून बाहेर आले आणि गुन्हेगारासारखे लांबच उभे राहिले.

"मामा, इकडं या. बसा," वहिनी म्हणाल्या.

"उभाच बरा हाय."

"का केलंत?"

मामांनी पायानं गाळ उकरला. "दोन महिने मुरी न्हाई गावली, तव्हा तुमचं तोंड बगितलं. लेक सासरी जाताना करती तसं तोंड केल्तं तुमी. तुमी खाली उतरू शकत न्हवत्या, मीच बगत होतो. मला वाटलं, म्हातारा नीट बगत न्हाई असं तुमाला वाटंल. एकडाव आनली. मग पुढल्या टायमाला न्हाई म्हनायला तोंडच उरलं न्हाई."

"बाकीच्या मासोळ्या?"

"समद्या ह्याच पान्यातल्या. आईच्यान."

"माझा विश्वास आहे, मामा." वहिनी म्हणाल्या. "पण मी बघितल्या नाहीत. तुमच्यावरचा विश्वास मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू?"

त्या आठवड्यात त्यांनी सात वर्षांच्या वह्या काढल्या आणि पानापानावर तिरपी रेघ मारली. फक्त मुरीच्या ओळीवर नाही, सगळ्या पानावर. कॉलेजातले एक सर घरी येऊन म्हणाले, "मॅडम, ती एक मासोळी वगळा, बाकीचं ठेवा. कुणाला कळणारंय?" वहिनींनी त्यांना चहा दिला आणि रेघा मारत राहिल्या. ज्यांनी तो कागद छापला होता त्यांनाही पत्र लिहिलं, की तो मागे घ्यावा. दादा कधी नव्हे ते दुकान लवकर बंद करून आला, वहिनींच्या शेजारी बसला आणि पानं उलटून देत राहिला. आई आतून बाहेर, बाहेरून आत करत होती. शेवटी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "तुला आधी सांगता आलं न्हाई व्हय रे?"

सुनावणीला मी वहिनींच्या मागं बसलो होतो. मामा कुणी न बोलावता आले होते, दाराशी उभे. घाटवाल्यांच्या माणसानं वहिनींचा कागद मोठ्यानं वाचला. मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी वहिनींना विचारलं, "मॅडम, हे तुमचंच ना?"

"माझंच आहे. चूक आहे." वहिनी उभ्या राहिल्या. टेबलाला हात धरून, गुडघ्यामुळं. "सात वर्षं मी पाण्यात उतरले नाही. काठावर बसून लिहिलं. ती मासोळी ह्या डोहातली नव्हती. ती सात वर्षं मी खोडली आहेत."

हॉलमध्ये खुसपूस झाली. घाटवाल्यांचा माणूस हसत म्हणाला, "वा! म्हंजी सात साल खोटं, अन् आज तेवढं खरं? उद्या आजचं बी खोडताल!"

लोक हसले. वहिनींची मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

"खोडीन. चूक निघाली तर खोडीन," त्या म्हणाल्या.

"मग डोहात मासोळी टाकली कुणी, तेवढं तर सांगा," तो म्हणाला.

दाराशी हालचाल झाली. मामा पुढं यायला निघाले होते, तोंड उघडलं होतं. वहिनींनी मागं वळून न बघता, वर्गात मुलाला बसवतात त्या आवाजात म्हटलं, "मामा, तिथंच थांबा." मग साहेबांना म्हणाल्या, "न बघता मी लिहिलं. सही माझी आहे. दुसरं नाव मी देणार नाही."

साहेबांनी कागद परत चाळले. शेवटी म्हणाले, आता ना ह्यांच्या बाजूनं पुरावा आहे ना त्यांच्या. डोह परत बघा, महिन्याभरात अहवाल द्या, तोवर घाट थांबलेला. बाहेर आल्यावर मला वाटलं, जिंकलो. वहिनींना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "मिळाली तर घाट जाणार. नाही मिळाली तर मासोळी गेलेली. ह्यात जिंकायचं काय आहे, भावजी?"

घाट त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. यंदाचं सांगता येत नाही. दर वेळी नोटीस लागली की मी जाऊन ती शेवटपर्यंत वाचतो. आता तिथं उभं राहून 'चूक आहे' म्हणणारं घरात कुणी नाही. डोह परत बघून झाल्यावरच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या, तापाचं निमित्त झालं. पाण्यात उतरल्यानं झालं का, हे मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं होतं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मी दोनदा विचारलं.

वहिनी म्हटलं की मला तो दिवस दिसतो, डोह परत बघायचा. स्टूल त्यांनी गाडीवर घेऊच दिलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधला, साडी वर खोचली आणि काठावर चपला काढून पाण्यात उतरल्या. मामा पुढं, हातात काठी, तळ चाचपत. वहिनींचा हात त्यांच्या खांद्यावर. एकेका दगडाशी दोघं थांबायचे. मामा दगड उचलून धरायचे, वहिनी पाण्याला नाक लागेल इतक्या वाकून बघायच्या, आणि मला ओरडून सांगायच्या, "नाही." मी लिहायचो, नाही. परत दगड. "नाही." माझं लक्ष वहीत कमी आणि त्यांच्या पावलांकडं जास्त. त्या जरा डगमगल्या की माझे हात आपोआप पुढं व्हायचे, काठावरच्या काठावर. सकाळी उतरलेले दोघे दुपारपर्यंत डोहाच्या वरच्या टोकाला गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. वहिनींचे ओठ सुकले होते.

"वहिनी, बास आता," मी ओरडलो. "समदं बघून झालं."

त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. एका हातानं मामांचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातानं डोळ्यांवर सावली केलेली.

"बघून झालं नाही, भावजी," त्या म्हणाल्या. "तो पलीकडचा दगड राहिलाय."

आणि मामांना पुढं ढकलत त्या खोल पाण्याकडं वळल्या.